परक्या विद्यापीठांतला पहिला हिवाळा

नागपूर-अमरावती रस्त्यावर तिवसा हें तालुक्याचें गांव आहे. तालुक्याच्या एका अंगास वर्धा नदी, तिच्या कांठीं रुक्मिणीचें माहेर म्हणून मानलें गेलेलें कौंडण्यपूर. आणि रस्त्यावरच थोड्या अंतरावर मोझरीचा गुरुकुंज आश्रम, तुकडोजी महाराजांचा. मुलूख कपाशीचा, तुरीचा, सोयाबीनचा आणि संत्र्यांच्या बागांचा. या गांवांतून, अथवा वऱ्हाडांतील असल्याच दुसऱ्या एखाद्या गांवांतून, परदेशच्या विद्यापीठाकडे निघालेल्या विद्यार्थ्याची बॅग उघडून पाहिली, तर लोकरीचे कपडे, दाखल्यांच्या तीन तीन प्रती, तुरीची डाळ, तिखट, लहानसा कुकर असा सारा संसार तींत सांपडतो. प्रवेश मिळेपर्यंतची वाट दाखविणारे त्याला पुष्कळ भेटलेले असतात. अर्ज, परीक्षा, शिष्यवृत्ति, व्हिसा, विमानाचें तिकीट या प्रत्येकाची माहिती देणारा कोणी ना कोणी असतोच. पुढें काय, याविषयीं मात्र घरची मंडळी आणि तो विद्यार्थी एकाच समजुतींत असतात. मुलगा हुशार आहे. तेथें गेला कीं आपोआप रुळेल.

हुशारी आणि रुळणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वर्गांत पहिला येणारा मुलगा परदेशीं पहिल्या चार महिन्यांत अगदीं कोमेजून जातो, आणि मध्यम बुद्धीचा दुसरा एखादा मजेंत राहतो, हें पाहणारे लोक त्याचें कारण स्वभावांत शोधतात. स्वभावाचा भाग थोडा असेलहि. परंतु बहुतेक वेळां कारण याहून साधें असतें. कोणी कोणाच्या शेजारीं राहतो, संध्याकाळीं कोठें जेवतो, खोलींत उजेड किती येतो, आणि शिक्षकाशीं बोलावयाचें कसें हें त्याला केव्हां कळतें, यांवर पुष्कळ अवलंबून असतें.

वऱ्हाडाला ही गोष्ट नवी नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील पापळ या गांवीं १८९८ सालीं जन्मलेले पंजाबराव देशमुख १९२० मध्यें विलायतेस गेले. एडिंबरो विद्यापीठाची एम. ए. पदवी, ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी एवढें घेऊन ते १९२६ च्या सुमारास परत आले. पुढें १९३२ मध्यें अमरावतीस त्यांनीं श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि १९५२ पासून दहा वर्षें ते देशाचे कृषिमंत्री होते, हा भाग सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या शिक्षणाचा आरंभ मात्र तितकासा कोणी लक्षांत घेत नाहीं. पापळची शाळा संपली तेव्हां चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावती असे मुक्काम करीत त्यांना शिकावें लागलें. अमरावतीचें किंग एडवर्ड कॉलेज निघालें १९२३ मध्यें. म्हणून कॉलेजसाठीं त्यांनीं पुण्याचें फर्ग्युसन गांठलें. म्हणजे बोटीवर पाऊल ठेवण्यापूर्वीं या तरुणानें घराबाहेरचीं चार गांवें पचविलीं होतीं. वऱ्हाडांतून पुण्यास गेलेल्या मुलाला आपली बोली ऐकून लोक हंसतात हें प्रथम तेथेंच कळतें. आजारी पडलें असतां पेज करून देणारें कोणी जवळ नसतें हेंहि तेथेंच कळतें. आजच्या काळीं जो विद्यार्थी तिवशाहून थेट लंडनच्या विमानांत बसतो, त्याची ही मधली शाळा चुकलेली असते. ज्या घरांत मुलाला परदेशीं धाडण्याचा विचार आहे, त्या घरानें त्याला आधीं वर्षभर तरी नागपूर-पुण्याच्या वसतिगृहांत ठेवलें, तर तो खर्च वायां जात नाहीं.

एडिंबरोचीच गोष्ट पुढें चालवूं. तिवसा विषुववृत्तापासून सुमारें २१ अंशांवर, एडिंबरो जवळजवळ ५६ अंशांवर. हा आंकडा नकाशांत निरुपद्रवी दिसतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत तिवशाला दिवस पावणेअकरा तासांहून मोठाच असतो आणि दुपारीं सूर्य आकाशांत निम्म्यापर्यंत, म्हणजे सुमारें ४५ अंश वर चढतो. त्याच दिवशीं एडिंबरोस सूर्य सकाळीं पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आंतच मावळतो. भर दुपारीं तो क्षितिजापासून दहा-अकरा अंशांवर असतो. समोर दुमजली घर असलें कीं झाला दिसेनासा, आणि ढग असले, जे बहुधा असतातच, तर प्रश्नच मिटला. वऱ्हाडी माणसाला उन्हाची भीति शिकविलेली असते. मे महिन्यांतील दुपार टाळावी, डोक्याला रुमाल बांधावा, कांदा जवळ ठेवावा. ऊन नसण्यापासूनहि कांहीं त्रास होईल हें त्याच्या स्वप्नांतहि येत नाहीं. त्यामुळें नोव्हेंबर लागला, झोंप वाढली, सकाळीं उठवेना, पुस्तक उघडलें तरी अक्षर डोक्यांत शिरेना, म्हणजे तो समजतो कीं आपण आळशी झालों. किंवा त्याहून वाईट, आपली बुद्धीच मुळांत बेताची होती आणि ती आतां उघडी पडली.

खरें कारण शरीरांत आहे. माणसाच्या झोंपेचें व जागेपणाचें घड्याळ सकाळच्या उजेडावर लागलेलें असतें. डोळ्यांवर पुरेसा उजेड पडला नाहीं तर तें मागें पडत जातें, आणि त्याबरोबर उत्साह व भूक हींहि बिघडतात. उत्तरेकडील लोकांनाहि हें होतें. त्यांच्या डॉक्टरांनीं त्याला नांव दिलेलें आहे आणि त्यावर प्रखर दिव्यापुढें बसण्याचा उपायहि ते सांगतात. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सकाळचा जो काय फिकट उजेड असेल त्यांत, कोट चढवून, अर्धा तास बाहेर चालणें. खोली घेतांना भाडें पाहावें तशी खिडकीची दिशाहि पाहावी. दक्षिणेकडची खिडकी त्या मुलखांत मोलाची असते, तिवशाला ती कोणी विचारांत घेत नाहीं.

थंडीविषयीं फार सांगण्याचें कारण नाहीं. कपडे मिळतात आणि घरें आंतून गरम ठेवलेलीं असतात. पूर्वीं तशी सोय नव्हती. आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजीं न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या तेव्हां त्या अठरा वर्षांच्या होत्या. उन्हाळा त्यांनीं रोझेल येथें कार्पेंटरबाईंच्या कुटुंबांत काढला आणि त्यानंतर त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत दाखल झाल्या. नऊवारी लुगड्यानें पाय उघडे राहतात आणि थंडी सोसवत नाहीं, म्हणून त्यांनीं गुजराथी पद्धतीनें पातळ नेसण्यास आरंभ केला. वेष आपलाच राहिला आणि अंगहि झांकलें गेलें. आहाराच्या बाबतींत अशी तडजोड त्यांना साधली नाहीं. परक्या देशांत शाकाहार सांभाळावयाचा, अभ्यास वैद्यकीचा, आणि प्रकृति आधींच नाजूक. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं, तोंच पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. त्यांच्या धैर्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे आणि तें योग्यच आहे. परंतु धैर्याच्या जोडीला रोजचें पोटभर, मानवणारें अन्न असतें तर काय झालें असतें, हा प्रश्न त्या वर्णनांतून सहसा विचारला जात नाहीं.

अन्नाची बाब क्षुल्लक मानण्याची शिकलेल्या घरांतहि खोड आहे. ‘अभ्यासाला गेलास, जेवायला नाहीं’ असें म्हणणारे वडील अजून भेटतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या जुलैमध्यें बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पोंचले, तेव्हां प्रथम विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहांत राहिले. तेथील गोमांसयुक्त जेवण त्यांना मानवेना. थोड्याच दिवसांत त्यांनीं जागा बदलली आणि कॉस्मॉपॉलिटन क्लब येथें, जेथें निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी राहत, तेथें ते गेले. पुढें लिव्हिंगस्टन हॉलमध्यें नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर त्यांचें बिऱ्हाड होतें. जन्मभर टिकलेली मैत्री या खोलींतून निघाली. अर्धवट राहिलेलें लंडनचें शिक्षण पुरें करण्यास १९२० मध्यें बाबासाहेब पुन्हां निघाले, त्या वेळीं याच मित्रानें त्यांना ५,००० रुपये उसने दिले. ज्या माणसानें पुढें एवढें काम केलें, त्यालाहि पहिल्या आठवड्यांत जेवणासाठीं खोली बदलावी लागली, आणि ती त्यानें बदलली, कुढत बसला नाहीं. नव्या विद्यार्थ्याला ही हकीकत अवश्य सांगावी.

येथें एक गोष्ट वादग्रस्त आहे. परदेशीं गेलेल्या मराठी मुलानें मराठी मुलांबरोबरच राहावें कीं नाहीं? पहिल्या महिन्यांत तसें राहणें फारच सोयीचें. बँकेंत खातें कसें उघडावें, डाळ कोठें मिळते, बसचा पास कोणता घ्यावा हें सर्व आयतें कळतें. आजारी पडल्यास वरण-भात पुढें येतो. परंतु दोन वर्षें त्याच खोलींत, त्याच पांच जणांत, त्याच गप्पांत गेलीं, तर विद्यापीठ खिडकीबाहेरच राहतें. उलट पहिल्या दिवसापासून एकट्यानें परक्यांत राहण्याचा हट्ट धरणारेहि असतात. त्यांची इंग्रजी लवकर सुधारते आणि प्रकृति लवकर ढांसळते. ताट आपल्या माणसांबरोबर आणि खोली इतर देशींच्या विद्यार्थ्यांबरोबर, ही विभागणी बहुतेकांना मानवते असा अनुभव आहे. आठवड्यांतून दोन वेळां चारपांच जणांनीं मिळून स्वयंपाक केला, ज्याला भाकरी थापतां येते त्यानें ती थापली, ज्याला येत नाहीं त्यानें भांडीं घांसलीं, तर पुष्कळसें एकटेपण त्या कुकराच्या शिटीबरोबर निघून जातें. ज्वारीचें पीठ सर्वत्र मिळत नाहीं. परंतु भारतीय वस्तीच्या मोठ्या शहरांतील दुकानांत तें बहुधा सांपडतें.

आतां वर्गाकडे. खरी अडचण येथें आहे, आणि ती इंग्रजी भाषेची आहे असें जें समजतात त्यांचा निदान अर्धा तरी भ्रम आहे.

आपल्याकडील विद्यापीठाची घडण मूळची परीक्षा घेणाऱ्या संस्थेची. कॉलेजें गांवोगांव, विद्यापीठ दूर. अभ्यासक्रम तें ठरवणार, प्रश्नपत्रिका तें काढणार, उत्तरपत्रिका कोणा अनोळखी माणसाकडे जाणार. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्यें स्थापन झालें, त्यापूर्वीं तिवशाच्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका नागपुरास जात असे, इतकाच फरक. अशा व्यवस्थेंत विद्यार्थी व शिक्षक दोघेहि एका बाजूस असतात आणि परीक्षक समोर असतो. शिक्षकानें नोट्स द्याव्या, विद्यार्थ्यानें त्या पाठ कराव्या, आणि दोघांनीं मिळून त्या अदृश्य परीक्षकावर मात करावी. यांत शिक्षकाला उलट प्रश्न विचारणें म्हणजे वेळ घालविणें, आणि कधीं कधीं उद्धटपणाहि.

विलायत-अमेरिकेंतील विद्यापीठांत शिकविणारा, प्रश्न काढणारा आणि तपासणारा बहुधा एकच माणूस असतो. त्यानें काय सांगितलें हें त्याला ठाऊकच आहे. तेंच परत ऐकण्याची त्याला हौस नसते. त्यावर विद्यार्थ्याला काय वाटलें, कोठें शंका आली, दुसऱ्या कोणत्या ग्रंथकारानें याविरुद्ध काय म्हटलें, हें त्याला पाहिजे असतें. म्हणून व्याख्यानाशिवाय आणखी लहान बैठका असतात. टेबलाभोंवतीं दहा-बारा विद्यार्थी, एकानें निबंध वाचावयाचा, इतरांनीं तो उकलावयाचा. याला सेमिनार म्हणतात. मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या अशाच बैठकींत ९ मे १९१६ रोजीं आंबेडकरांनीं भारतांतील जातिसंस्थेवर निबंध वाचला. तो पुढल्या वर्षीं ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकांत छापला गेला. विद्यार्थ्यानें वर्गांत वाचलेला कागद आजहि अभ्यासक वाचतात. बैठकीची ही पद्धति काय देऊं शकते याचें यापेक्षां चांगलें उदाहरण मराठी माणसाला शोधावें लागणार नाहीं.

अशा बैठकींत नवा विद्यार्थी पहिले दोन महिने गप्प बसतो. विषय कळत नाहीं असें नसतें. वाक्य मनांत जुळवून होईपर्यंत चर्चा पुढें गेलेली असते. यावर एक साधा तोडगा आहे. आदल्या रात्रीं वाचतांनाच एक प्रश्न कागदावर लिहून ठेवावा आणि बैठक सुरू होतांच पहिल्या दहा मिनिटांत तो विचारून टाकावा. पुढचें अवघड राहत नाहीं. त्याचप्रमाणें प्रत्येक प्राध्यापक आठवड्यांतून ठराविक तास विद्यार्थ्यांना भेटण्यासाठीं राखून ठेवतो. दारावर ती वेळ लिहिलेली असते. आपल्याकडील मुलगा ती पाहतो आणि सरांना त्रास कशाला द्यावा म्हणून निघून जातो. सर आंत बसलेले असतात, कोणी येईना म्हणून.

दुसरा खड्डा निबंध लिहिण्याचा. ग्रंथांतील उतारा मुखोद्गत करून तो जसाच्या तसा उतरविणें हें आपल्या शाळेंत पाठांतराचें भूषण असतें. तेथें त्याच कृत्याला वाङ्मयचौर्य म्हणतात आणि त्याची चौकशी होते. दुसऱ्याचें वाक्य असेल तर अवतरणचिन्हांत घालावें, दुसऱ्याचा विचार असेल तर कोणाचा हें सांगावें, आणि हें प्रत्येक वेळीं करावें. प्रामाणिक मुलेंहि पहिल्या सत्रांत येथें सांपडतात; चोरी करण्याचा त्यांचा हेतु नसतो, नियमच ठाऊक नसतो. संदर्भ कसे द्यावे याचे लहान वर्ग बहुतेक ग्रंथालयांतून चालतात. त्यांना पहिल्याच आठवड्यांत जावें.

आणि गुण. बारावीला ९० टक्के घेतलेल्या मुलीच्या निबंधावर ६२ लिहून येतात आणि ती रात्रभर जागी राहते. ब्रिटिश विद्यापीठांत ७० म्हणजे पहिला वर्ग, आणि ८० च्या वर क्वचितच कोणी जातो. ६२ हे चांगले गुण आहेत. हें घरीं फोनवर वडिलांना सांगितलें तर त्यांनाहि तें पटत नाहीं, म्हणून ती सांगतच नाहीं. परत आलेला निबंध म्हणजे नापास झालेला निबंध असेंहि नव्हे. रुपयाच्या प्रश्नावरील आंबेडकरांचा प्रबंध लंडनच्या परीक्षकांनीं फेरफारासाठीं परत केला होता. त्यांनीं तो मुंबईहून पुन्हां धाडला आणि १९२३ मध्येंच डी. एस्सी. मिळविली.

पंजाबरावांनीं एडिंबरोस काय शिकलें? संस्कृत. वैदिक वाङ्मयांतील धर्माचा उगम आणि विकास या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९३३ मध्यें ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें छापला. वेद शिकावयास पापळहून स्कॉटलंडला जावें लागलें याचें नवल वाटतें. परंतु त्या वेळीं एडिंबरोस संस्कृतचे अध्यापक आर्थर बेरीडेल कीथ होते, आणि वेदांकडे एका शेतकऱ्याच्या मुलानें चिकित्सकपणें पाहावें ही गोष्ट तेथें कोणाला वावगी वाटत नव्हती. परकेपणाचा हाहि एक उपयोग असतो. घरीं आपण कोण आहों हें सर्वांनीं आधींच ठरविलेलें असतें.

पैशाचा प्रश्न उरला. पंजाबरावांच्या वडिलांनीं जमीन गहाण ठेवून मुलाला विलायतेस पाठविलें, असें सांगतात. आजहि चित्र फारसें बदललेलें नाहीं. शासनाची राजर्षि शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ति अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांस दरवर्षीं दिली जाते, आणि अशा आणखी योजना आहेत. परंतु पुष्कळांच्या मागें बँकेचें कर्ज आणि त्या कर्जाला तारण म्हणून शेत किंवा घर असतें. हा विद्यार्थी दुकानांत शिरला कीं प्रत्येक वस्तूची किंमत मनांतल्या मनांत रुपयांत करतो. एक पौंड म्हणजे शंभराहून अधिक रुपये. चहाचा पेला हातांत घेतांना त्याला शेतावरची एका माणसाची दिवसाची मजुरी आठवते आणि तो पेला खालीं ठेवतो. हा गुणाकार पहिल्या महिन्यानंतर सोडावा लागतो, नाहीं तर माणूस उपाशी राहून अभ्यास करूं लागतो. महिन्याचा खर्च एकदां पौंडांत किंवा डॉलरांत बसवावा आणि मग त्याच नाण्यांत विचार करावा.

काम करून शिकण्याची वाट जुनी आहे. वर्धा नदीच्या पलीकडचे, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जपानमार्गें अमेरिकेस पोंचले. मिळेल तें अंगमेहनतीचें काम करीत ते पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठांतून शेतकी शिकले. गदर चळवळींतहि ते होते. १९२४ पासून मेक्सिकोंत चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें आणि मक्याच्या सुधारित वाणांवर काम केलें. त्यांच्या काळीं किती तास राबावें याला कायद्याची मर्यादा नव्हती. आज ब्रिटनमध्यें पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असतां आठवड्यास २० तासांहून अधिक काम करतां येत नाहीं. अमेरिकेंतहि विद्यापीठाच्या आवारांतील कामास तीच मर्यादा आहे. ती ओलांडून रोखीनें पैसे देणारे दुकानदार भेटतात. त्यांच्या नादीं लागल्यास व्हिसा जातो, आणि व्हिसा गेल्यावर शेत सोडविणारें कोणी उरत नाहीं. जाण्यापूर्वीं जो हिशेब मांडावयाचा, तो नोकरीची कमाई शून्य धरूनच मांडावा.

शेत गहाण असल्याचा आणखी एक परिणाम होतो, आणि या सर्व प्रकरणांत तो सर्वांत घातक होय. मुलगा घरीं खरें सांगेनासा होतो. पंजाबरावांच्या काळीं पत्राला उत्तर यावयास महिना-दीड महिना लागे. लिहितां लिहितांच दुःख थोडें निवळत असे. आतां रोज रात्रीं फोनवर चेहरा दिसतो. आई विचारते, ‘‘काय रे बाबू, अभ्यास कसा चालला?’’ पाठीमागें बाबा उभे, त्यांच्या मागें भिंतीवर कर्जाच्या बँकेचें कॅलेंडर. मुलगा म्हणतो, ‘‘मस्त चाललं, आई.’’ फोन ठेवतो आणि अंधाऱ्या खोलींत पडून राहतो. तीन आठवडे तो वर्गाला गेलेला नसतो. हें कोणाला ठाऊक नसतें. विद्यापीठाला तो प्रौढ वाटतो आणि घराला तो सुखी वाटतो.

‘अभ्यास कसा चालला’ या प्रश्नाला एकच उत्तर देतां येतें. त्याऐवजीं ‘‘आज काय भाजी केली? कोणाबरोबर जेवला?’’ असें विचारलें तर खोटें बोलणें जड जातें. आठ दिवस ओळीनें ‘एकटाच, ब्रेड खाल्ला’ असें उत्तर आलें, तर घरच्या माणसानें समजावयाचें तें समजावें. त्या वेळीं उपदेश करूं नये आणि कर्जाचा उल्लेख तर मुळींच करूं नये. जवळच्या मित्राचा नंबर आधींच घेऊन ठेवलेला असावा. विद्यापीठांत अशा वेळीं बोलण्यासाठीं सल्लागार नेमलेले असतात. त्यांच्याकडे जाणें म्हणजे वेड्यांच्या डॉक्टरकडे जाणें नव्हे हें वडिलांनींच एकदां, निघण्यापूर्वीं, स्पष्ट सांगून ठेवावें. मुलानें विचारलें तर सांगूं, असें म्हणूं नये. तो विचारणार नाहीं. ब्रिटनमध्यें व्हिसाबरोबरच आरोग्यसेवेची रक्कम भरून घेतलेली असते. तेव्हां जवळच्या डॉक्टरकडे नांव नोंदवावयाचें तें प्रकृति ठीक असतांनाच, पहिल्या पंधरवड्यांत.

विलायतेहून परतल्यावर पंजाबरावांनीं अमरावतीस प्रथम जीं कामें हातीं घेतलीं त्यांत एक विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचें होतें. श्रद्धानंद छात्रालय असें त्याचें नांव. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत व एका पंक्तींत जेवत. शिवाजी संस्थेचीं शाळा-कॉलेजें त्यानंतर आलीं.

डिसेंबरच्या अखेरीपासून उत्तरेकडचा दिवस वाढूं लागतो. प्रथम रोज मिनिट-दीड मिनिट, फेब्रुवारींत रोज चार-साडेचार मिनिटें. २० मार्चच्या सुमारास एडिंबरो आणि तिवसा दोन्हीकडे दिवस जवळजवळ सारखा, बारा तासांचा होतो. एव्हांना पहिल्या सत्राचे गुण हातीं आलेले असतात, वाटेवरचा भाजीवाला ओळखूं लागलेला असतो, आणि बैठकींत एखाद-दुसरें वाक्य कागदावर न लिहितांहि बोलतां येतें. मार्चच्या शेवटच्या रविवारीं ब्रिटनमध्यें घड्याळें एक तास पुढें करतात. हिवाळ्यांत भारताची वेळ साडेपांच तास पुढें असते, ती त्या दिवसापासून साडेचार तास पुढें राहते. तिवशाला रात्रीं साडेनऊला जेवणें आटोपून फोन लावला, तर तेथें संध्याकाळचे पांच वाजलेले असतात आणि खिडकींतून अजून ऊन येत असतें.